चंद्राक्काच्या घरचा दरोडा

खिंडवाडीवर दर चैत्रातल्या दुसऱ्या सोमवारी सकाळी सव्वादहाला दरोडा पडतो. तीनशे वर्षं तेच पाच दरोडेखोर डोंगराच्या कातळातून घोड्यांवर बाहेर येतात. ते दिसले की अजूनही बायका हात जोडतात.

त्यांनी लुटलेल्या घराला गावात मान. चोरी झालेल्या घराला मात्र तोंड लपवायची पाळी! चंद्राक्काचं घर एका खोलीचं, वेशीजवळ. चाळीस वर्षं वाट पाहिल्यावर यंदा तिची पाळी लागली होती. तिनं अंगण सारवून रांगोळी घातली होती.

पण पाचवा घोडा रिकामाच आला.

"मालोजी दमला. यंदा येत नाही," दरोडेखोरांचे नाईक हैबतराव म्हणाले.

ग्रामसेवक पडवळांनी नोंदवही मिटून पेनाला टोपण लावलं. "मग दरोडा लिहिता येणार नाही. दरोड्याला पाच लागतात. चौघांची जबरी चोरी होते."

"वाटमारी लिहा."

"ती वाटेत. तुम्ही दारात आलात."

"धाड?"

"धाडीला सगळं गाव लुटावं लागेल."

हैबतरावांची मान खाली गेली. "आम्ही चोर नाही हो, साहेब."

चाळीस वर्षं थांबून शेवटी चोरीच? अक्कानं पदर खोचला.

"लिहा, पाचवी मी."

पडवळांनी नियम दोनदा वाचले. घरमालकिणीला मनाई कुठंच नव्हती. "मात्र प्रत्येकानं एक वस्तू न्यायलाच हवी, अक्का."

अक्का घोड्यावर बसली, वेशीला वळसा घालून दौडत आली आणि स्वतःच्या दारावर तिनं लाथ घातली.

चौघांनी हंडा, कंदील, पाटा, घोंगडी झटपट उचलली. अक्का मधोमध उभीच राहिली. हे घर तिनं आजवर नुसतं झाडलं होतं. कोनाड्यात काजळलेला दिवा होता. खुंटीवर नवऱ्याची टोपी होती. चुलीवर तिच्याच बोटांचे वळ होते, आणि कौलांतून जमिनीवर उन्हाचा कवडसा पडला होता.

"अगं बाई! केवढं हे घर!"

तिनं टोपी उचलली, परत ठेवली. दिवा उचलला, तोही ठेवला.

तीन वाजले. पडवळांनी दारातून हळूच विचारलं, "अक्का, काय नेलं म्हणून लिहू?"

"थांबा हो जरा! असं घर रोज मिळतं का लुटायला?"

हैबतरावांनी मुंडासं उतरवलं आणि ते अंगणात मांडी घालून बसले. पडवळांनी लिहिलं: प्रकार, दरोडा. इसम, पाच. काम चालू आहे.