सर हम्फ्रींचे सत्तेचाळीस खटले

एका जंगलात, मुलांनो, सगळ्यांना एकदम पूर्वज सापडायला लागले.

हे जंगल इंग्लंडातलं. तिथे वर्षभर पाऊस पडतो, आणि प्राणी आधी एकमेकांना हवापाणी विचारतात, मग चावतात. ते मराठी कसे बोलतात, असं विचारू नका. गोष्टीतल्या प्राण्यांना सगळ्या भाषा येतात. अडचण माणसांची असते.

तर पूर्वज. कोल्ह्यानं आपली थुंकी नळीत भरून तपासायला पाठवली. अहवाल आला : सत्त्याण्णव टक्के कोल्हा, तीन टक्के कोंबडी. कोल्हा जंगलभर सांगत सुटला की आमच्या घराण्याचे कोंबड्यांशी फार जुने संबंध आहेत. नळीत थुंकण्याआधी आपण जेवलो होतो, एवढं मात्र त्यानं सांगितलं नाही.

हे ऐकून पर्सीला चैन पडेना. पर्सी म्हणजे टेकडीवरचा रानडुक्कर. त्याच्याकडे ओकची राई होती, लोळायला स्वतःचा चिखलाचा हौद होता, सुळ्यांना पॉलिश होतं. पण आजोबांच्या आधीचे पूर्वज कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं डॉक्टर बगळ्याला बोलावलं.

डॉक्टर बगळ्याचा धंदा जुनी घराणी शोधण्याचा. एका पायावर तासन्‌तास उभं राहायचं, गढूळ पाण्यात बघत राहायचं, आणि यजमानाला आवडेल तेवढाच मासा वर काढायचा.

टेकडीच्या खाली एक कुरण होतं. तिथे ॲग्नेसकाकू राहायची. ही सशीण. गोष्ट खरं तर हिची आहे. तिचं पुढचं दार तिच्या आईनं खणलेलं, मागचं आजीनं, आणि मधली खोली कुणी खणली ते कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

महिन्याभरानं पर्सीनं हिरवळीवर सगळ्यांना चहाला बोलावलं. त्याच्या उजव्या हाताला न्यायाधीश मेंढा बसला होता. इंग्रजी न्यायाधीशाला डोक्यावर लोकरीचा टोप लागतो. मेंढ्याची लोकर घरचीच होती, म्हणून त्याची नेमणूक झाली होती. तो पर्सीच्या घरचा तिसरा केक खात होता.

बगळा उठून उभा राहिला. म्हणजे उभाच होता, दुसरा पाय टेकला.

"सभ्य स्त्री-पुरुषहो, पर्सीसाहेबांचे पूर्वज सापडले! सर हम्फ्री. सतराव्या शतकातले थोर सद्‌गृहस्थ. दफ्तरखान्यात त्यांच्या नावाचे सत्तेचाळीस खटले आहेत!"

टाळ्या पडल्या. ॲग्नेसकाकूला मात्र काही कळेना.

"सद्‌गृहस्थ होते, मग खटले कशाला?"

"न्यायाची ओढ, बाई," बगळा म्हणाला.

"कुणाकुणावर खटले केले?"

"सख्ख्या भावावर केला, वडिलांच्या तलवारीसाठी. शेजाऱ्यावर केला, चर्चमधल्या पुढच्या बाकासाठी. पहिल्या पत्नीवर केला, आणि दुसरीवरही. भेदभाव त्यांना मान्य नव्हता."

"आणि तो पाद्र्याचा?" पर्सीनं अभिमानानं आठवण केली.

"हो. पाद्री वारल्यावर त्याच्यावर केला. मेला म्हणून कुणाला सूट द्यायची नाही, हे तत्त्व!"

"वा!" मेंढा म्हणाला. "कायद्याचा असा जाणकार पुन्हा झाला नाही. यांचा पुतळा पाहिजे."

"पुतळा उभारतोच आहोत," बगळा म्हणाला. "सर हम्फ्रींनी मृत्युपत्रात लिहून ठेवलंय : टेकडीखालचं कुरण माझ्या वंशजांना. तिथे होईल सर हम्फ्री स्मृतिउद्यान. मध्ये पुतळा आणि चारी बाजूंना गाड्या लावायची सोय."

ॲग्नेसकाकूनं बशी खाली ठेवली. "अहो, तिथे आम्ही राहतो!"

"तुम्हाला उद्यानात प्रवेश फुकट, काकू," पर्सी प्रेमानं म्हणाला. "रविवार सोडून."

दुसऱ्या दिवशी जंगलाच्या वर्तमानपत्रानं सर हम्फ्रींचं चित्र पहिल्या पानावर छापलं. ससे कुठे जाणार, हे छापायला जागा उरली नाही. खाली पर्सीच्या राईची जाहिरात होती.

ॲग्नेसकाकू न्यायालयात गेली. समोर तोच मेंढा.

"तुमचे पूर्वज या कुरणात होते, याचा पुरावा?"

"मी आहे ना! ते नसते तर मी कुठून आले?"

"तो निसर्गाचा पुरावा झाला. कायद्याचा दाखवा. त्यांनी कधी कुणावर खटला केला?"

"नाही हो."

"कुणाशी मारामारी? चोरी? गेला बाजार एखादी शिवीगाळ?"

"साहेब, आमची माणसं गरीब. गवत खाल्लं, पोरं वाढवली, मेली. कुणाच्या अध्यात ना मध्यात."

मेंढ्यानं मान हलवली. "भांडण नाही, गुन्हा नाही, दफ्तरात एक ओळ नाही. मग बाई, ते होते कशावरून? आठ दिवसांत पुरावा आणा. नाहीतर बीळ रिकामं करा."

पर्सीनं जाता जाता विचारलं, "सामान हलवायला मदत पाठवू का, काकू?"

"मदत नको. दफ्तरखान्याची वाट तेवढी सांगा."

दफ्तरखान्यात बगळा होताच. तिला बघून तो हसला. "काकू, जुनी कागदपत्रं आहेत ही. वाचायची असतात. खायची नाहीत."

"ठाऊक आहे. तुम्ही वाचलीत सगळी?"

"मी... निवडक वाचतो."

ॲग्नेसकाकूनं निवड केली नाही. पहिल्या फायलीपासून सुरू केलं. सर हम्फ्रींचं अक्षर सुळ्यानं उकरल्यासारखं होतं. पण सात दिवसांत ती त्या माणसाला, म्हणजे डुकराला, आतून बाहेरून ओळखायला लागली. हा कशासाठी भांडतो, कुठे खोटं बोलतो, हरायला लागला की काय करतो, सगळं तिला कळलं. बाराव्या फायलीशी ती फार वेळ थांबली. आणि एकोणचाळिसावी उघडल्यावर तिचे दोन्ही कान ताठ उभे राहिले.

आठव्या दिवशी न्यायालय भरलं. पर्सी शिल्पकार घेऊनच आला होता.

"साहेब, पुरावा आणलाय," ॲग्नेसकाकू म्हणाली. "आमच्या माणसांनी कुणावर खटला केला नाही, हे खरं. पण सर हम्फ्रींनी आमच्यावर केला होता! सोळाशे एकाहत्तर साली. फाइल एकोणचाळीस."

तिनं मोठ्यानं वाचलं : "'ही जोन नावाची सशीण माझ्या बापाच्या जन्माआधीपासून टेकडीखालच्या कुरणात ठाण मांडून आहे, असं सगळे साक्षीदार सांगतात. ती उठत नाही. उलट मला बघून नाक हलवते.' आणि खाली निकाल : कुरण जोनचं. सर हम्फ्रींनी पुन्हा तिकडे फिरकू नये."

न्यायालयात कुजबुज झाली. सगळ्यांनी बगळ्याकडे पाहिलं.

"ते पान... ओलं होतं," बगळा म्हणाला.

"इंग्लंडात कोरडं काय असतं, डॉक्टर?"

पर्सीचे सुळे एकदम काळवंडल्यासारखे दिसले. पण बगळा धंद्यात मुरलेला होता. त्यानं चोचीनं पान उलटलं आणि ओरडला, "थांबा! सर हम्फ्रींनी अपील केलं होतं! अपिलाच्या तारखेआधी ते सफरचंद घशात अडकून वारले. म्हणजे अपील अजून निकालात निघालेलंच नाही!"

"मग मी वारस म्हणून ते पुढे चालवतो!" पर्सी आनंदानं म्हणाला. "निकाल आजच द्या, साहेब. आणि मग सगळे जेवायला या. मशरूम केलेत."

मेंढ्यानं खिडकीतून सूर्य कुठवर आला ते पाहिलं. मग लेखणी उचलली.

ॲग्नेसकाकूनं ती लेखणी पाहिली. हिरवळीवरचा तिसरा केक तिला आठवला. कागद आपल्या बाजूनं आहे, साक्षीदार आपल्या बाजूनं आहेत, आणि तरी अर्ध्या तासात आपण बेघर होणार, हे तिला स्वच्छ दिसलं. मग ती खाकरली.

"साहेब, एक अर्ज आहे. अपिलातली दुसरी बाजू म्हणजे जोन. ती हजर नाही."

"कुठे आहे?"

"मयत. साडेतीनशे वर्षांत यायला जमलं नाही तिला."

"मग?"

"मयताचे सगळे वारस रेकॉर्डवर आल्याशिवाय अपील ऐकता येत नाही. आणि ते आणायचे अपील करणाऱ्यानं."

"असं कोण म्हणतं?" पर्सी ओरडला.

"सर हम्फ्री म्हणतात," ॲग्नेसकाकू शांतपणे म्हणाली. "फाइल बारा. आई वारल्यावर तिच्या मधाच्या पोळ्यात सख्ख्या बहिणीनं वाटा मागितला. हे हरायला आले होते. दर तारखेला उठून म्हणायचे, अजून एक वारस राहिलाय. एकोणीस वर्षं खटला चालला. बहीण गेली. मध यांनी खाल्ला. आणि याच न्यायालयानं त्यांचं म्हणणं मान्य केलंय, खाली शिक्का आहे."

मेंढा विचारात पडला. फाइल बारा चूक म्हणावी, तर ज्याचा पुतळा उभारायचा तोच लबाड ठरतो, आणि भर चहाला आपणच त्याला जाणकार म्हटलेलं. बरोबर म्हणावी, तर मशरूम गार होतात.

"ठीक आहे," तो नाइलाजानं म्हणाला. "असतील चार-दोन वारस. बोलवा, नावं घेऊ."

ॲग्नेसकाकूनं दारात जाऊन मागचा पाय जमिनीवर तीनदा आपटला.

मुलांनो, आधी बाकं भरली. मग खिडक्या भरल्या. मग शिल्पकाराच्या पिशवीतून डोकी वर आली. एक म्हातारा ससा मेंढ्याच्या लोकरीत जाऊन बसला आणि म्हणाला, "इथे ऊब बरी आहे." पहिल्या रांगेची नावं लिहून होईपर्यंत तिसऱ्या रांगेत एकीला कळा सुरू झाल्या, आणि बाजूची म्हणाली, "लिहिणाऱ्याला सांगा, जागा सोडून ठेव."

"हे मुद्दाम चाललंय!" पर्सी किंचाळला.

"तुमच्याच घराण्याची रीत आहे, पर्सीसाहेब," ॲग्नेसकाकू म्हणाली. "एवढी मोलाची. तुम्हीच विसरून कसं चालेल?"

मेंढ्यानं लोकरीतला म्हातारा झटकला आणि हुकूम लिहिला : 'जोनचे सर्व वारस नाव, आईचं नाव आणि बिळाच्या पत्त्यासह रेकॉर्डवर आणावेत. तोवर सुनावणी नाही. तोवर कुरण जैसे थे.'

पर्सीनं हे काम अर्थातच डॉक्टर बगळ्याला दिलं. घराणी शोधण्यात त्याच्याइतका वाकबगार कोण होता?

आता बगळा कुरणात एका पायावर उभा असतो. पाऊस पडतो. वही ओली होते. टेकडीवरून पर्सी ओरडतो, "झालं का?"

"होत आलं होतं!" बगळा ओरडून सांगतो.

मागच्या दारातून ॲग्नेसकाकू डोकं वर काढते आणि नाक हलवते.

"लिहा, बगळेसाहेब. पहाटे सात पिल्लं झाली. सगळी सुखरूप. नावं संध्याकाळी ठेवू. घाई नाही ना?"

तात्पर्य : मुलांनो, तुमची बाजू खरी असेल तर न्यायाची घाई करू नका. न्याय मिळाला की बीळ जातं.