फुटाला पाऊण इंच

शांताराम कुणाला 'बरं हाय का?' असं विचारायचा नाही. भेटला की आधी तुमच्या गाडीभोवती एक फेरी मारायचा, वाकून चाकं बघायचा, मडगार्डवरून बोटं फिरवायचा आणि मग मान वर करून विचारायचा, "काय, ह्या आठवड्यात कुठं ठोकली का?"

ठोकली नसेल तर त्याचा चेहरा उतरायचा. ठोकली असेल तर तो खिशातून शिंप्याची टेप काढायचा.

मी त्या काळात घोडेगाव ते भीमाशंकर वडापची जीप चालवायचो. सगळे मला नाना म्हणत. जीप नऊ जणांची होती, मी एकोणीस बसवायचो. शांतारामशी माझी वीस-बावीस वर्षांची ओळख, आणि त्यातली निम्मी वर्षं मी त्याच्याशी खोटं वागलो. आता माझी शहात्तरी उलटली. त्याच्याबद्दल लोक जे बोलतात त्यातलं बरंचसं खरं आहे, पण एक गोष्ट कुणालाच ठाऊक नाही. ती सांगायची तर आधी माणूस सांगावा लागेल.

स्टँडच्या मागे त्याचं पत्र्याच्या कामाचं दुकान होतं. नरसाळी, चाळण्या, धान्याच्या कोठ्या, हे सगळं पोटासाठी. उरलेल्या वेळात तो गाड्या करायचा. त्यांना खेळणी म्हटलेलं त्याला खपायचं नाही. "खेळणं जत्रंत मिळतं," तो म्हणायचा. "ही गाडी हाय."

आणि ती गाडीच असायची. आमच्या रस्त्यावर धावणाऱ्या खऱ्या गाड्या तो लहान करून बनवायचा. माप एकच, फुटाला पाऊण इंच. अंग तेलाच्या डब्याच्या पत्र्याचं, टायर हवाई चपलेच्या रबराचे, दिवे सदऱ्याच्या बटणांचे. काचांसाठी त्याला एक्स-रेचे जुने फोटो लागायचे. गावात कुणाचं हाड मोडलं की शांताराम आठवड्याने भेटायला जाणार, विचारपूस करणार आणि निघताना हळूच म्हणणार, "त्यो फोटू लागंना झाला की मला द्या." गरम पाण्यात सोडा टाकून तो ते फोटो घासायचा, की काळं निघून स्वच्छ काच हातात यायची. कधी घासणं कमी पडायचं. त्याच्या एसटीच्या मागच्या खिडकीत हौसाबाईच्या दोन बरगड्या राहिल्या होत्या. हौसाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या कौतुकाने दाखवायची.

दुसरा कुणी असता तर त्याने गाड्या चकचकीत केल्या असत्या. शांताराम गाडी जशी आहे तशी करायचा. सायलेन्सरला तार बांधलेली असेल तर तार, सीट फाटलेली असेल तर फाटकी सीट. माझी जीप त्याने उजवीकडे कललेली केली. मी विचारलं, "हे काय रे?"

"तुमी बसता ना तिकडं," तो म्हणाला.

आठवडे बाजाराच्या दिवशी सगळ्या गाड्या स्टँडवर जमायच्या. तेव्हा तो टेप घेऊन फिरायचा आणि आठवड्यात कुणाला नवा पोचा पडला असेल तर त्या लहान गाडीलाही बारीक हातोडीने तेवढाच पोचा घालायचा. हे काम फक्त बाजारच्या दिवशी. मधल्या वारी तुम्ही गाडी दरीत घातलीत तरी तो म्हणणार, "बाजारला घेऊन या."

लिहून ठेव म्हटलं तर म्हणायचा, "वही कशाला? गाडीच वही हाय."

लोकांना ती वहीच वाटू लागली. जुन्नरकडच्या एका व्यापाऱ्याने आपला टेम्पो विकायला काढला आणि घेणाऱ्याला सांगितलं, कुठं घासलासुद्धा नाही. घेणारा निमगाव सावाचा, हुशार माणूस. तो सरळ शांतारामच्या दुकानात आला आणि फळीवरचा टेम्पो उचलून बघितला. तीन पोचे आणि एक वाकडी पायरी. व्यापारी तावातावाने आला. "माझ्या गाडीची बदनामी करतो व्हय रं?"

"मी कुठं केली? बदनामी तुमी केली. मी फकस्त बारीक केली."

तेव्हापासून तालुक्यात जुनी गाडी घेताना लोक इंजिन नंतर बघायचे, आधी शांतारामची फळी बघायचे.

गाडी तो विकत नसे. महाशिवरात्रीला हातगाडीवर सगळा ताफा मांडून तो रस्त्याकडेला उभा राहायचा. पुण्याच्या एका पावण्याने मोटारीतून उतरून एक लाल जीप मागितली. शांताराम म्हणाला, "ही हिच्या मालकाची. तुमची करून देतो की. पण गाडी दोन महिनं हितं ठिवावी लागंल." पावणं गेलं. शांतारामचा नेम असा की खरी गाडी विकली किंवा भंगारात गेली की त्या दिवशी लहान गाडी नारळासकट मालकाच्या घरी पोचवायची. "घर रिकामं वाटाया नको," म्हणायचा. आजही आमच्याकडे कितीतरी घरांत टीव्हीशेजारी अशी पोचे पडलेली गाडी दिसते.

आणि हा माणूस स्वतः कुठल्याच गाडीत बसू शकत नव्हता. त्याला गाडी लागायची. एकदा मी आग्रहाने डिंभ्यापर्यंत नेला, तर दोनदा उलटी केली आणि उतरून चालत परत गेला. लग्न केलं नव्हतं. 'बायकोला कुठं फिरवू, पायी?' असं वर म्हणायचा. दुपारी जेवायला घरी जाताना दुकान बंद करायचा नाही, दारात आडवी सुतळी बांधायचा. सुतळी आहे म्हणजे दुकान बंद. इतक्या वर्षांत ती सुतळी कुणी ओलांडली नव्हती.

मी ओलांडली.

कोंडिबा दुधाच्या किटल्या लावून सायकलवरून यायचा. एका सोमवारी संध्याकाळी, भीमाशंकरहून रिकामा परत येताना, कातरवेळेला माझ्या जीपचा डावा कोपरा त्याला लागला. आवाज मी ऐकला. आरशात सायकल आडवी दिसली. थांबायचं म्हणून ब्रेकवर पायही ठेवला होता. माझ्याकडे तेव्हा गाडी चालवायचा परवाना होता, पण प्रवासी नेण्याचा नव्हता, जीप जप्त झाली असती, हे सगळं एका क्षणात डोक्यात आलं आणि पाय उचलला गेला. कारण एवढंच. याहून मोठं कारण असतं तर बरं झालं असतं.

कोंडिबाची मांडी मोडली. दवाखान्यातून त्याने माझं नाव सांगितलं. बुधवारी हवालदार माझ्याकडे आले. जीपचं डावं मडगार्ड बसलं होतं. मी म्हणालो, "हा पोचा जुना हाय साहेब. महिना झाला."

हवालदार गावचेच. म्हणाले, "मग भांडायचं कशाला? उद्या शांतारामच्या दुकानात बघू. त्याच्या गाडीवर पोचा असंल तर जुना, नसंल तर नवा."

बाजार अजून व्हायचा होता. म्हणजे शांतारामच्या फळीवरची माझी जीप अपघाताच्या आधीची होती. डावं मडगार्ड गुळगुळीत.

गुरुवारी दुपारी दारात सुतळी होती. मी ती ओलांडली, फळीवरची जीप उचलली आणि डाव्या मडगार्डवर अंगठा दाबला. तेलाच्या डब्याचा पत्रा तो, लगेच बसला. जीप जागेवर ठेवून मी बाहेर आलो आणि समोरच्या हॉटेलात चहा प्यायलो.

चार वाजता सगळे जमले. हवालदार, सरपंच, कोंडिबाचा भाऊ, स्टँडवरचे झाडून सगळे ड्रायव्हर. शांतारामने अभिमानाने जीप उचलली आणि उजेडात धरली. मग त्याचा हात थांबला. त्याने मडगार्डवरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"काय रं, पोचा हाय का?" हवालदारांनी विचारलं.

"हाय."

"कधीचा?"

त्याने जीप उलटी करून पुन्हा उजेडात धरली. लोक हसायला लागले. कुणीतरी म्हणालं, "वही वाचता येईना व्हय मास्तर?"

शांतारामने माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मग म्हणाला, "गाडीवर हाय म्हंजी हाय."

झालं. कोंडिबाच्या भावाने मान खाली घातली. लोकांनी ठरवलं की कोंडिबा सायकलवरून आपोआप पडला आणि मला गुंतवतो. काहींनी तो प्यायला होता असंही ठरवलं. कोंडिबा कधी दारूला शिवला नव्हता.

पुढच्या बाजारला शांताराम टेप घेऊन आला नाही. पोटाची कामं करत राहिला, गाडी मात्र हातात घेईना. कुणी विचारलं तर म्हणायचा, "डोकं चालंना. कवा काय केलं ध्यानात ऱ्हात न्हाई." लोक हळहळले आणि मग त्याची चेष्टा करू लागले. येता-जाता त्याला विचारायचे, "काय मास्तर, आज जेवलात का, ध्यानात हाय का?" त्या हसण्यात मीही असायचो. त्याला खरंच वाटतंय की आपलंच डोकं गेलं, असं मी धरून चाललो होतो. आणि मला सुटल्यासारखं वाटत होतं. हे वाक्य लिहायला मला वीस वर्षं लागली.

कोंडिबाला पुन्हा सायकल चालवता आली नाही. तो स्टँडवर पाटीत शेंगा घेऊन बसायचा, एक पाय लांब करून. बाकीच्या गाड्या आल्या तरी हलायचा नाही. माझी जीप आली की तेवढा तो पाय दोन्ही हातांनी उचलून आत ओढून घ्यायचा. रोज चार खेपा, आणि चारही वेळा तो पाय आत.

पाच-सहा वर्षांनी मी जीप विकली. संध्याकाळी दारात शांताराम उभा, हातात नारळ आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली जीप. मी म्हणालो, "अरे, तू तर सोडलंस ना हे?"

"नेम हाय," तो म्हणाला. "जरा दुरुस्ती केलीया. काच बदललीया." चहा घेतला नाही, गेला.

मी कागद सोडला. डावं मडगार्ड आतून ठोकून पुन्हा गुळगुळीत केलेलं होतं. समोरची काच नवी होती, पण घासलेली नव्हती. खिडकीशी उजेडात धरली तेव्हा दिसलं. मांडीचं हाड, आणि त्यात आडवी गेलेली चीर. खालच्या कोपऱ्यात दवाखान्याच्या पांढऱ्या अक्षरांत कोंडिबाचं नाव.

त्याचं डोकं कधीच गेलं नव्हतं. आपण घातलेला पोचा कुठला आणि अंगठ्याने दाबलेला कुठला, हे त्याला पहिल्यांदा बोट फिरवलं तेव्हाच कळलं होतं. माझं नाव घेण्यापेक्षा त्याने स्वतःला वेडा म्हणवून घेतलं. त्याच्या दुकानात बसून रोज चहा पिणारा, त्याचा दोस्त म्हणावा असा, सगळ्या स्टँडवर मी एकटाच होतो, हे मला त्या दिवशी आठवलं.

त्यानंतर तो भेटला की एकच विचारायचा. "नाना, काच पुसता का?"

"पुसतो."

"दिसतंय ना समदं?"

"दिसतंय."

मग तो थोडा वेळ माझ्या तोंडाकडे बघत थांबायचा. मी बोलेन असं त्याला वाटायचं. मी हवापाण्याचं काहीतरी बोलायचो आणि तो "बरं" म्हणून निघून जायचा. असं चार वर्षं चाललं. आधी कोंडिबा गेला. त्याच्या मातीला शांताराम आणि मी शेजारी शेजारी उभे होतो. त्या दिवशी त्याने काही विचारलं नाही. त्यानंतरही कधी विचारलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात तोही गेला.

तर कोंडिबा खरं बोलत होता. शांतारामची गाडीही खरी होती. हे मी त्या दोघांच्या देखत सांगायला हवं होतं.

जीप माझ्या टीव्हीशेजारी आहे. काच मी रोज पुसतो. सगळं दिसतं.