केशरबाईंच्या घरावरचा लाल डाग

“चोराला पकडायला पोलीस कशाला? मी बसले की!” असं मी कॉलनीच्या बैठकीत ठणकावलं होतं. परभणीत भरदिवसा आमच्या कॉलनीतल्या दोन घरांच्या पाण्याच्या मोटारी गेल्या, आणि सगळ्यांना संशय एकच : दिवसपाळीचा वॉचमन भागवत गस्तच घालत नाही!

मी व्हिडिओ बघून बघून शिकले. माझ्या आणि भागवतच्या फोनात ॲप टाकलं. ते दिवसपाळीच्या वेळेतल्या गस्तीचा रंगीत नकाशा काढतं. माणूस थोडा रेंगाळतो तिथं गुलाबी, फार रेंगाळतो तिथं लाल, नुसता फिरकतो तिथं पिवळं, जातच नाही तिथं पांढरं.

आठवड्यानं उघडते तर काय! अख्खी कॉलनी पांढरी, आणि शेजारच्या केशरबाईंच्या घरावर जास्वंदीएवढा लाल डाग!

केशरबाईंचा टीव्ही मोठा, म्हणून बैठक त्यांच्याकडेच. कॉलनीचे अध्यक्ष आबासाहेब यांच्या लॅपटॉपवरून नकाशा टीव्हीवर लावला.

“माझ्या घरी?” केशरबाई कडाडल्या. “मला तर कदी दिसला न्हाई मेला!”

“लपत असंल!” मी म्हटलं.

“उद्यापासून काढा त्याला,” आबासाहेब म्हणाले.

“अहो, पोरीला आताच नर्सिंगला घातलंय त्यानं,” आमचे दिनकरराव पुटपुटले.

“पुरावा बघा!” म्हणत मी ‘आता कुठे आहे’ दाबलं. निळा ठिपका थेट याच खोलीत!

आबासाहेबांनी पाय सोफ्यावर घेतले. दिनकरराव दिवाणाखाली वाकले. केशरबाईंनी लाटणं उगारून कपाट उघडलं. “भाईर ये रे!”

“ताई, बोलवलं का?” दारात भागवत!

आत एक, दारात एक! गेटवर नेमकं कोण आहे ते बघायला मी फोन घेऊन धावले, तर मागून आबासाहेब ओरडले, “ठिपका पळाला! पकडा!”

मी थांबले.

“थांबला!”

मी परत आले.

“आला, आला!”

केशरबाईंनी डोळे बारीक केले. “वर नाव कुणाचं हाय, वाचा बरं.”

आबासाहेबांनी चष्मा चढवला. “राजेश्री.”

ॲपच्या यादीतून भागवतऐवजी मी माझंच नाव निवडलं होतं!

“तरीच! रोज चहाला कोण येतंय?” केशरबाई म्हणाल्या.

“आन् आपलं घर बघ, पांढरंफेक!” इति दिनकरराव.

मग भागवतचा नकाशा उघडला. सगळी कॉलनी हळदीसारखी पिवळी. पांढरी होती ती फक्त गेटवरची त्याची खुर्ची!

“म्हंजी, उद्या येऊ ना ताई?” त्यानं विचारलं.

“ये रे बाबा,” मी म्हटलं. “आन् जरा बसत जा!”

मोटारींचा चोर अजून सापडलेला नाही. मी मात्र सापडले. नकाशा बंद करायचा नाही, पण यापुढं तो फक्त माझाच काढायचा, असा ठराव दिनकररावांनी मांडला आणि एकमतानं मंजूर झाला. म्हणून हे घरात बसून लिहितेय. आमच्या घरावर आता जरासा गुलाबी रंग चढलाय म्हणे!