सुंद्राबाईचा थोर पाय

एका जंगलात, बाळांनो, हत्ती राज्य करायचा. त्यामुळे ज्याचा पाय जाड तो मोठा, असा तिथला रिवाज होता. दरबारात बसायच्या जागासुद्धा पायाचा घेर मोजून मिळत.

सुंद्राबाई चितळीण बिचारी शेवटच्या रांगेतली. एकदा तिला काटा लागला, जखम चिघळली आणि मागचा पाय सुजून उखळाएवढा झाला. लगेच तिला शाल, श्रीफळ आणि पहिल्या रांगेत जागा मिळाली. त्याच आठवड्यात बिबळ्याने तिच्या शेपटीचे केस उपटले. थोडक्यात वाचली.

ती लंगडत शिंपीण पाखराकडे गेली. पानं शिवता शिवता ही शिंपीण नसाही शिवायला शिकली होती.

"बाई, मान नको मला. पळता येईल असं कर."

शिंपिणीने पाय दाबून पाहिला. "अंगात लसिका नावाचं पाणी फिरतं. त्याची वाट बुजलीय. मी ती शेजारच्या शिरेला जोडून देते. पण शिरेतला दाब पाण्याच्या दाबापेक्षा कमी हवा. नाहीतर गंगा उलटी वाहायची."

तिने केसाएवढी एक शीर निवडली. तेवढ्यात मानपान खात्याचे सचिव, डुकरोजीराव, आले.

"पहिल्या रांगेतला पाय, आणि असल्या फालतू शिरेला जोडता? मांडीतली ती मोठी शीर दिसत नाही?"

"साहेब, तिथं दाब फार आहे."

"असणारच! मोठी आहे ती!"

हुकूम निघाला. शिंपिणीने कपाळाला हात लावला आणि टाके घातले. दुपारपर्यंत शिरेतलं रक्त उलटं पाण्याच्या वाटेत शिरलं. पाय जांभळा पडून दुप्पट झाला. सुंद्राबाई कळवळून रडत होती. सचिवांनी टेप लावून पाहिली आणि पेढे वाटले.

मला तर या डुकरोजीरावांचा अस्सा संताप येतो! असो.

शिंपिणीने गुपचूप टाके उसवले आणि पाण्याची वाट त्या बारक्या शिरेला जोडली. पाणी सुरळीत वाहू लागलं. दोन महिन्यांत पाय बराच उतरला, आणि सुंद्राबाईची पहिल्या रांगेतली जागा गेली. ती सचिवांना हवी होती. त्यांनी चारही मांड्यांना वेली करकचून आवळल्या, पाय टम्म सुजवले आणि तिथे जाऊन बसले.

मग बिबळ्या आला. सुंद्राबाई तीन उड्यांत ओढ्यापार. सचिवांना उठताच येईना.

शोकसभा दणक्यात झाली. खुद्द महाराज गहिवरून बोलले, "असे पाय पुन्हा होणे नाही!"

तात्पर्य: पळून जीव वाचवणाऱ्यांची शोकसभा कधी भरत नाही. तेव्हा बाळांनो, नाव कमवायचं असेल तर पाय सुजवा.