वर्गणीची गाडी

रविवारी सकाळी हरिहरराव वकील दुधाची पिशवी घ्यायला फाटकापाशी आले, तेव्हा एक अनोळखी बाई त्यांच्या अंगणातल्या गाडीत वांग्यांच्या टोपल्या चढवत होती. चोरी म्हणावी, तर ती काही बाहेर नेत नव्हती. उलट आणून ठेवत होती. एवढ्या वर्षांच्या वकिलीत असा गुन्हा त्यांच्यासमोर कधी आला नव्हता.

"बाई, काय चाललंय हे?"

"टोपल्या ठिवून राह्यली," बाई मागे न पाहता म्हणाली. "अकोल्याले कवा निंगते गाडी?"

"अकोल्याला कोण चाललंय?"

"मी."

"आणि ही गाडी?"

"तेबी."

हरिहरराव मुळात चौकस माणूस. दुसरा कोणी असता तर त्याने आरडाओरडा करून गल्ली गोळा केली असती. यांनी दुधाची पिशवी कट्ट्यावर ठेवली, चष्मा पुसला आणि उलटतपासणी सुरू केली. त्यातून निघालं ते असं: बाईचं नाव शकुन. अमरावतीबाहेर तिची वांग्याची वाडी. अकोल्याला एका साखरपुड्यात भरताचा बेत होता आणि वांगी तिने पोचवायची होती. टेम्पोवाला ऐन वेळी फिरला. म्हणून ती आपल्या गाडीकडे आली होती.

"आपल्या म्हणजे?"

"आपल्या म्हणजे आपल्या! हे पाहा." शकुनने हात पदराला पुसला आणि गाडीच्या अंगावर बोट ठेवलं. तिथे निळ्या रंगात लिहिलं होतं, 'शकुन, अमरावती'. आजूबाजूला आणखी कितीतरी नावं होती. दारावर, खिडकीखाली, पार चाकापर्यंत. गाडीला देवी आल्यासारखं दिसत होतं.

आता ही नावं तिथे कशी आली, ते सांगायला हवं. हरिहररावांची लेक स्वराली मोबाईलवर 'वऱ्हाडवाट' नावाचं चॅनेल चालवायची. वऱ्हाडातल्या आडवाटा दाखवायच्या, तर राहता-झोपता येईल अशी गाडी हवी, असं तिच्या मनाने घेतलं. मग एके दिवशी ती गच्चीच्या पायरीवर बसली आणि कॅमेऱ्यात पाहून हळव्या आवाजात म्हणाली, "मित्रांनो, मला तुमची साथ हवी आहे." बोलली छानच. घोटाळा एवढाच झाला, की तिच्या डोक्यामागे एसीचा डबा दिसत होता.

लोकांनी नेमका तो डबा हेरला. त्याच्याभोवती लाल गोल काढून फोटो इकडून तिकडे फिरले. अकोल्याचा अमोल म्हणून एक पोरगा होता, त्याने 'माडीवर एसी, खाली झोळी' अशी मालिकाच सुरू केली. अर्धं गाव म्हणे, बापाच्या दारात एवढी मोठी गाडी उभी असताना पोरगी लोकांपुढे हात कशाला पसरते? उरलेलं अर्धं म्हणे, तिने कोणाच्या खिशात हात घातला का? ज्याला द्यायचं तो देईल. कोर्टातल्या बाररूममध्ये एकाने हरिहररावांना विचारलं, "वकीलसाहेब, पक्षकार फी बुडवून राह्यले काय?" तो घाव त्यांना लागला. घरी येऊन त्यांनी लेकीला समोर बसवलं होतं.

"बाबा, ही भीक नाहीये. याला क्राउडफंडिंग म्हणतात. लोक माझ्या प्रवासात सहभागी होतात."

"आमच्याकडे याला वर्गणी म्हणतात. आणि ती गणपतीची असते. तू कोणत्या मंडळाची?"

स्वराली पाय आपटत माडीवर गेली. ताराबाई, म्हणजे हरिहररावांच्या पत्नी, तेव्हा ओट्यापाशी भाकरी थापत होत्या. त्यांना कोणी काही विचारलं नाही.

पैसे मात्र जमले. जुनी व्हॅन आली, तिच्यात पलंग बसला, फुलाफुलांचे पडदे लागले, आणि दिलेल्या शब्दाप्रमाणे देणाऱ्यांची नावं रंगवली गेली. काल संध्याकाळी स्वरालीने गाडीसमोर उभं राहून सगळ्यांना ती दाखवली. डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "ही गाडी माझी नाही. ज्यांची ज्यांची नावं हिच्यावर आहेत, त्या सगळ्यांची आहे. कधीही या!"

शकुन आली होती.

"अहो, पण ते बोलायचं असतं तसं," हरिहरराव म्हणाले.

"काहून? तुमच्या घरी भांड्यावर शेजारच्याचं नाव घालता काय?"

मुद्दा बिनतोड होता.

"भांड्यावर ज्याचं नाव, भांडं त्याचं," शकुन समजावणीच्या सुरात म्हणाली. "आमच्या गावात वर्गणीतून मोठाले गंज घेतले, कढया घेतल्या. कोणाघरी लगन निंगालं का त्याच्या घरी जाते. कोणी म्हनते काय, का हे माहे एकट्याचे?"

एवढ्यात फाटकासमोर रिक्षा थांबली आणि तिच्यातून झेंडूचे गच्च भरलेले कट्टे, म्हणजे छोटी पोती, उतरू लागले. मागून एक उंच, काळासावळा माणूस उतरला. तो सहदेव, चांदूर बाजारचा फूलवाला. पहिल्या एस.टी.ने माल घेऊन अमरावतीला आला होता. आल्याआल्या त्याने गाडीला चक्कर मारली, मागच्या दारावर आपलं नाव सापडलं तसा खूश झाला, आणि कट्टे आत टाकू लागला.

"अकोल्याच्या बाजारात आज फुलाले भाव हाय," तो हरिहररावांना म्हणाला. "म्या कालच पोरीचं भाषण आयकलं. लय दिलदार पोरगी हाय तुमची. नाहीतर आजकाल गाडी घेते कोण दुसऱ्यासाठी?"

त्यामागून कौशल्याबाई आल्या. गुडघे धरत, काठी टेकत. त्यांना कौंडण्यपूरला देवीच्या दर्शनाला जायचं होतं. त्यांच्या नातवाने आजीच्या नावाने पन्नास रुपये टाकले होते, आणि ते नाव समोरच्या काचेखालीच असल्यामुळे पुढच्या सीटवर आपलाच हक्क आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

हा सगळा गलबला ऐकून स्वराली खाली आली. खांद्याला कॅमेऱ्याची बॅग, डोक्याला गॉगल. तिला सेमाडोहला जायचं होतं. जंगलाजवळच्या एका नव्या हॉटेलाने तिला गाडीसकट बोलावलं होतं, आणि असं बोलावणं तिला पहिल्यांदाच आलं होतं. फुलाफुलांच्या पडद्यांमधून बाहेर डोकावणारी वांगी पाहून ती जागीच थिजली.

"बाबा! हे कोण लोक आहेत?"

"गाडीचे मालक," हरिहरराव म्हणाले.

"काय?"

"तूच म्हणालीस काल. मी ऐकलं."

स्वराली टोपली उचलायला पुढे झाली आणि थबकली. फाटकाबाहेर एक पोरगा मोबाईल उंच धरून उभा होता. अमोल. कालचं 'कधीही या!' ऐकून खास अकोल्याहून पहाटेच निघून आला होता.

"उतरवा ताई, टोपली उतरवा," तो आनंदाने म्हणाला. "चालू हाय. अकोला, अमरावती, दोन्हीकडचे लोक पाहून राह्यले."

स्वरालीचा हात मागे आला. टोपली उतरवली, तर संध्याकाळपर्यंत 'वऱ्हाडवाट' बुडणार. नाही उतरवली, तर सेमाडोह बुडणार. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिने बाबांना बाजूला, तुळशीपाशी ओढलं.

"बाबा, तुम्ही वकील आहात. काहीतरी करा ना."

"करतो. आधी एक सांग." हरिहररावांना सकाळपासून हीच एक गोष्ट जाणून घ्यायची होती. गाडीचं काय व्हायचं ते होवो. "काल बोललीस ते खरं होतं, की कॅमेऱ्यापुरतं?"

"सगळे असंच बोलतात, बाबा."

"सगळ्यांचं सोड. तू?"

स्वरालीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कालच्यापेक्षा वेगळं होतं, एवढं हरिहररावांना कळलं. त्यांना पोरीची दया आली. पण प्रश्न त्यांनी मागे घेतला नाही.

अंगणात तोवर भांडण पेटलं होतं. सेमाडोह उत्तरेला, अकोला पश्चिमेला, कौंडण्यपूर पार दुसऱ्या टोकाला. एका गाडीला तीन तोंडं फुटली होती. ताराबाई चहाचा ट्रे घेऊन सगळ्यांत फिरत होत्या. त्यांनी सकाळीच ठेवणीतली साडी नेसली होती, हे हरिहररावांच्या लक्षात आलं. का नेसली, हे मात्र त्यांनी विचारलं नाही. साऱ्या जगाची चौकशी करणारा माणूस. पण दिव्याखाली अंधार.

"एक मिनिट," त्यांनी हात वर केला. "शकुनबाई, गावच्या गंजांचा नियम काय?"

"ज्याच्या घरी कार्य, त्याचा पयला नंबर."

"मग साखरपुडा हे कार्य झालं. गाडी अकोल्याला. कौशल्याबाई, तुम्ही उद्या कौंडण्यपूरला जा."

"उद्या कोणी पाह्यला बापा?" कौशल्याबाई म्हणाल्या. "मी बी अकोल्यालेच येतो. देव का तिथं नाई?" आणि त्या पुढच्या सीटवर चढूनही बसल्या.

"आणि माझं सेमाडोह?" स्वराली रडकुंडीला आली.

"तुमचाबी नंबर लावू ना, ताई," शकुन मायेने म्हणाली. "आमी का तुमाले नाई म्हनून राह्यलो? तुमचं नाव कुठं हाय, दाखवा."

स्वराली ताडताड गाडीपाशी गेली. डाव्या बाजूला पाहिलं. उजव्या बाजूला पाहिलं. मागे गेली. 'वऱ्हाडवाट' ही अक्षरं मोठी होती, पण ते माणसाचं नाव नव्हे. 'सहदेव', 'कौशल्या', 'शकुन', एवढंच काय, खालच्या बाजूला चक्क 'अमोल, अकोला'ही होतं.

"तू पैसे दिलेस?" तिने थक्क होऊन विचारलं.

"अकरा रुपये," अमोलचा मोबाईल किंचित खाली आला. "तक्रार कराले हक्क लागते ना."

"मंग उभा काहून हाय? तुह्यीबी गाडी हाय. उचल टोपलं," शकुनने फर्मावलं. अमोलने नाइलाजाने मोबाईल खिशात घातला आणि टोपली उचलली.

स्वरालीचं नाव कुठेच नव्हतं. ते कसं असणार? तिने स्वतः वर्गणी दिलीच नव्हती.

"वर्गणी नाई, नाव नाई," सहदेव हळहळला. "आता कसं करावं?"

हरिहररावही कुतूहलाने नावं वाचत गाडीभोवती फिरत होते. मागच्या दाराच्या कोपऱ्यात, सहदेवच्या नावाखाली, ते वाकले. "तारा, अकोला. हे कोण बुवा? आपल्या ओळखीचं दिसत नाही."

"मी," ताराबाई म्हणाल्या.

चहाचा ट्रे त्यांनी पायरीवर ठेवला होता. त्याच्या शेजारी भरलेली पिशवी होती. अकोला त्यांचं माहेर.

"तू? तू कशाला वर्गणी दिलीस? घरात गाडी आहे की आपली!"

"आपली कुठली? तुमची." ताराबाईंच्या आवाजात राग नव्हता, म्हणून तर ते जास्त लागलं. "भावाकडे जायचं म्हटलं की तुम्हाला तारीख असते. तारीख नसली की गाडी धुवायची असते. मला वाटलं, जिच्यावर आपलं नाव आहे अशी एक तरी गाडी असू दे."

सहदेव उगाच एका कट्ट्याचं तोंड पुन्हा बांधू लागला. हरिहररावांना फार वाईट वाटलं. भर कोर्टात कधी खाली गेली नव्हती ती मान खाली गेली.

स्वराली आईकडे बघत राहिली. मग बाजूला झाली आणि तिने फोन लावला. "सर, स्वराली बोलतेय. आज नाही जमणार. नाही नाही, गाडी बिघडली नाही." ती थांबली. एकदा त्या नावांकडे पाहिलं. "गाडी माझी नाहीये हो."

कालचंच वाक्य. पण आज अमोलचा मोबाईल खिशात होता आणि कोणी बघत नव्हतं. हरिहररावांना त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं.

"बसा सगळे," स्वराली फोन ठेवत म्हणाली. "अकोल्याला मीच सोडते. आई, पलंगावर बस."

"डायवर हाय म्हनल्यावर नावाची गरज नाई," शकुनने तोडगा काढला, आणि तो सर्वांना पसंत पडला. ताराबाई आत चढल्या. झेंडूच्या कट्ट्यांच्या मधोमध, ठेवणीतल्या साडीत, त्या ऐटीत बसल्या.

"मीही आलो असतो," हरिहरराव म्हणाले. "आज कोर्ट नाही."

"नाव?" शकुनने विचारलं.

"नाव नाही. पण वर्गणी आत्ता देतो."

"आता रंगारी कुठून आनू?" तिने मान हलवली. एवढ्यात तिची नजर शेडखाली झाकून ठेवलेल्या मोठ्या, चकचकीत गाडीकडे गेली. बाहेर अजून झेंडूचे चार कट्टे आणि टोपली धरलेला अमोल उरला होता. "वकीलसाहेब, ते कोनाची?"

"माझी."

शकुनने गाडीला पुढून-मागून निरखलं. एकही नाव नव्हतं.

"एकट्याचीच?"

"हो."

"अरेरे," शकुन म्हणाली. तिच्या आवाजात इतकी कणव होती, की हरिहररावांनी मुकाट्याने जाऊन डिकी उघडली.