सलग हद्द

आमची वस्ती नगरपालिकेला जोडून ठेवण्यासाठी दर पाळीत एकशे नव्वद माणसं एकमेकांचे हात धरून माळावर उभी असतात. हात सुटला की हद्द सुटते.

कायदा साधा आहे. नगरपालिकेत घ्यायचा भाग तिच्या हद्दीशी सलग असला पाहिजे. वस्ती आणि शहर यांच्यामध्ये वनखात्याचा माळ आडवा पडला होता आणि त्यातली वीतभर जमीनही मिळणार नव्हती. तेव्हा मुख्याधिकारी धारूरकर साहेबांनी तोड काढली: करदाता जिथे उभा, तिथे नगरपालिका. वस्तीत करदाते पाचशे सत्तर. तीन पाळ्या बरोबर बसल्या, वर एक माणूस उरला नाही. मी भाड्याच्या खोलीत राहतो, घरपट्टीवर माझं नाव नाही, त्यामुळे मी साखळीत चालत नाही. म्हणून मला मुकादम केलं आणि रजिस्टर हातात दिलं.

हरकती व सूचनांच्या सुनावणीला एकटे निवृत्ती खंदारे आले होते. त्यांनी विचारलं, "साहेब, उभं राहून राहून हात भरून आले तर?"

"ही सूचना झाली," साहेब म्हणाले, "हरकत नाही."

लिपिकाने शेवटचे दोन शब्द तेवढे लिहून घेतले.

बाहेर आल्यावर तिथे थांबलेली त्यांची बायको कौसाबाई त्यांच्यावर उखडली. "जन्मभर डोक्यावर हंडा वाहिला म्या. आता नळ येतोय, दवाखान्याची गाडी येतीय, अन् तुमचे हात दुखायलेत व्हय?"

नळ आला. निवृत्तींना पहिली पाळी मिळाली, कौसाबाईंना दुसरी. आठ महिने नवराबायकोची जागेपणी गाठ पडायची ती दुपारी दोनला, पाळी बदलताना. तेवढ्यात कौसाबाई डबा कुठे झाकून ठेवलाय ते सांगायच्या.

त्या दिवशी एकच्या सुमारास शेजारची अनुसया साखळीच्या कडेकडेने धावत आली. निवृत्ती सत्त्याऐंशीव्या जागेवर होते.

"दाजी, अक्काच्या छातीत लई कळा यायल्यात. गाडीला फोन केलाय."

निवृत्तींच्या उजवीकडच्या माणसाने पकड सैल केली. "जावा तुम्ही."

निवृत्तींनी ती पुन्हा घट्ट केली. "म्या गेलो तर गाडी शिवंवरच थांबंल."

त्यांचं बरोबर होतं. नगरपालिकेची गाडी हद्दीबाहेर जात नाही, आणि हातबदल दोन वाजताच, शिक्का घेऊन आलेल्या शिपायासमोर होतो. त्यांच्या जागी मी उभा राहिलो असतो तर हाताला हात लागला असता, हद्द लागली नसती. मला त्या दिवशी माझ्या रजिस्टराची लाज वाटली. पण मी ते खाली ठेवलं नाही.

गाडी साखळीच्या कडेने वस्तीत गेली आणि तशीच परत आली. सत्त्याऐंशीव्या जागेपाशी ड्रायव्हरने वेग कमी केला. कौसाबाईंनी खिडकीशी तोंड आणलं.

"हात सोडू नका," त्या म्हणाल्या.

कोणता, ते त्यांनी सांगितलं नाही.

"नाही सोडत," निवृत्ती म्हणाले.

शहराकडून चाळिसावा माणूस उभा होता तिथपर्यंत गाडी पोचली आणि कौसाबाई गेल्या. मृत्यू हद्दीतच झाला, त्यामुळे दाखला एका हेलपाट्यात मिळाला.

दोन वाजता दुसरी पाळी उभी राहिली, ती एकशे एकोणनव्वदच भरली. धारूरकर साहेब स्वतः जीपने आले. पहिल्या पाळीला तोवर घरी सोडता आलं नाही. साहेबांनी फाइल पाहिली.

"अनुकंपा तत्त्वावर वारस लगेच रुजू होऊ शकतो. मुलगा?"

"न्हाई. लेक हाय, नांदेडला दिलीय."

"मग तुम्हीच. आपली पाळी सांभाळून."

शिपायासमोर निवृत्तींचा जुना हात सुटला आणि ते एकशे बाराव्या जागेवर गेले. तिथे रोज कौसाबाईंचा हात धरणारी बाई उभी होती. तिने त्यांचा हात घेतला आणि मान दुसरीकडे वळवली.

गाडीने घरी परत आणलेल्या कौसाबाईंची तिरडी पाच वाजता निघाली. स्मशानभूमी शहरात, म्हणजे वाट साखळीच्या कडेनेच.

"साहेब," निवृत्तींनी विचारलं, "तिला खांदा तरी देऊ का?"

साहेबांनी नियमांचं पुस्तक पुढूनमागून चाळलं. आम्ही सगळे थांबलो.

"हाताचा उल्लेख आहे," ते म्हणाले. "खांद्याचा नाही."

एकशे बाराव्या जागेपाशी खांदेकरी थांबले. पुढचा एक बाजूला झाला आणि त्याने बांबू निवृत्तींच्या खांद्यावर टेकवला. निवृत्तींना पाऊल उचलता येत नव्हतं, म्हणून बाकीचे तिघेही जागच्या जागी उभे राहिले. दोन्ही हात गुंतलेले, त्यामुळे डोळे पुसायची सोय नव्हती. मग त्यांनीच मान हलवली, बाजूच्या माणसाने बांबू घेतला आणि तिरडी पुढे गेली.

रजिस्टरात शेऱ्याचा रकाना असतो. त्यात मी लिहिलं: "जागा क्र. ११२. खांदा दिला, हात सोडला नाही."

दुसऱ्या दिवशी रजिस्टर सहीसाठी वर गेलं. साहेबांनी खाली लिहिलं, "हरकत नाही."