कच्चा खर्डा

"वायरबियर काही लागत नाही, साहेब," खडीसाखर म्हणाला. "एक बटण दाबलं की माझ्या लॅपटॉपवरचं सगळं जसंच्या तसं टीव्हीवर. हा तर माझ्या हातचा मळ."

गाद्यांच्या कारखान्याच्या त्या ऑफिसात त्याला खऱ्या नावाने कुणीच हाक मारत नसे. तक्रारींना उत्तरं लिहिणं हे त्याचं काम. डोक्यावर बर्फ आणि जिभेवर खडीसाखर ठेवून तो ते करी, म्हणून हे नाव चिकटलं होतं. शिव्या घालणारं गिऱ्हाईक त्याचं पत्र वाचून उलट माफी मागे. यामागे त्याची एक पद्धत होती. तो आधी कच्चा खर्डा लिही, आणि त्यात पोटातलं सगळं खरं खरं ओकून टाकी. मग एकेक शब्द खोडून त्या जागी गोड शब्द बसवी. खरं पोटात ठेवलं की ते पत्रात कुठून तरी डोकावतंच, असं त्याचं म्हणणं होतं. बारा वर्षांत त्याचा कच्चा खर्डा कुणी पाहिला नव्हता.

ही बारा वर्षं मात्र त्याने लाकडी खुर्चीवर काढली होती. गाद्यांचा कारखाना आणि बसायला फळी! आज हॉटेलवाल्या बाई दोनशे गाद्यांची ऑर्डर द्यायला येणार होत्या. ती मिळाली तर खडीसाखर विभागप्रमुख होणार होता, आणि विभागप्रमुखाला गादीची, गोल फिरणारी खुर्ची होती. गेले आठ दिवस ती खुर्ची त्याच्या स्वप्नात फिरत होती.

बाई आल्या. खडीसाखरने बटण दाबलं आणि भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर गाद्यांची रंगीत चित्रं झळकली. साहेब खूश झाले. बाईंनी तीन चित्रं पाहिली आणि समोरचा रिमोट उचलून मांडीवर ठेवला.

"चित्रं पुरेत. माझ्या आठ गाद्यांना सहा महिन्यांत खड्डे पडलेत. साहेबांच्या नावाने तीन पत्रं लिहिली, उत्तर नाही. आधी लेखी उत्तर द्या, मग ऑर्डरचं बोलू. तोवर मी चहा घेते."

"दहा मिनिटांत आणतो," खडीसाखर म्हणाला, आणि उघडा लॅपटॉप ताटासारखा दोन्ही हातांवर धरून आपल्या टेबलाशी आला.

वायर असती तर ती ओढावी लागली असती आणि त्याच्या लक्षात आलं असतं. इथे ओढायला काहीच नव्हतं. टीव्ही त्या खोलीत राहिला, आपण या खोलीत आलो, म्हणजे संबंध संपला, असा त्याने हिशेब केला. बोटं मोडली आणि कच्चा खर्डा सुरू केला.

"बाई, खड्डे पडणारच होते. सहा इंच सांगून आम्ही आत पाच इंच फोम भरतो. आमचे साहेब स्वतः घरी दुसऱ्याच कंपनीच्या गादीवर झोपतात. पण तुम्हीही काही कमी नाही. तीन वर्षं वापरलेल्या गाद्या सहा महिन्यांच्या म्हणून सांगता. एवढ्या काळात माणसाचीही पाठ वाकते."

पार्टिशनच्या पलीकडे बाई खो खो हसल्या. मग एकदम गप्प झाल्या. साहेबांनी रंगात येऊन एखादा किस्सा सांगितला असणार, असं खडीसाखरला वाटलं. ऑर्डर आता खिशात! तो हुरूपाने साखर पेरायला बसला.

'खड्डे' खोडून त्याने लिहिलं, 'शरीराशी जुळवून घेण्याचा गुण'. 'पाच इंच' खोडून 'हलकीफुलकी बांधणी'. तीन वर्षांच्या जागी आलं 'आपण आमच्या गाद्यांना दिलेला प्रदीर्घ सहवास'. साहेबांच्या झोपेपाशी तो जरा अडला. मग त्याला सुचलं, 'आमचे साहेब इतर गाद्यांचाही सतत अभ्यास करत असतात.' पलीकडे टाळी वाजली.

चहाच्या मावशी रिकामा ट्रे घेऊन बाहेर आल्या आणि त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या.

"लिहा दादा, लिहा. बाईंना फार आवडतंय."

"अजून दिलं कुठे मी?"

"साहेबांना दोनदा पाणी दिलं," एवढंच बोलून मावशी गेल्या.

खडीसाखरने पत्र छापलं, घडी घातली आणि छाती पुढे काढून तो मिटिंगच्या खोलीत शिरला. समोर टीव्हीवर त्याचंच पत्र होतं, शेवटच्या ओळीपुढे लुकलुकणाऱ्या रेघेसकट. आपण लॅपटॉपवर जे लिहिलं आणि जे खोडलं, ते सगळं इथे दिसत होतं, हे त्याला कळायला फार वेळ लागला नाही.

"मी बंद करणार होतो," साहेब म्हणाले. "रिमोट बाईंनी दिला नाही. उठूही दिलं नाही."

"हे नको," बाईंनी छापलेलं पत्र परत सरकवलं. "आधीचं हवं."

"ते खोडलं, बाई."

"माझ्याकडे फोटो आहे."

साहेब घाम पुसत खडीसाखरकडे वळले. "मी कुठल्या गादीवर झोपतो हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच, साहेब. नव्या गादीने पाठदुखी पळाली म्हणून पेढे वाटलेत तेव्हा."

बाईंनी रिमोट टेबलावर आपटला. "हे बघा, तीन वर्षांचं तुमच्या माणसाने बरोबर लिहिलंय. ती तक्रार मी मागे घेते. दोनशे गाद्या घेते, पूर्ण सहा इंचांच्या. मोजायची पट्टी माझी. आणि यापुढे मला उत्तर हाच माणूस देणार. पहिलं उत्तर, साखर घालायच्या आधीचं."

साहेबांनी सही केली. दुसरं काय करणार?

खडीसाखर विभागप्रमुख झाला. खुर्चीही आली, गादीची आणि गोल फिरणारी. तिची गादी साहेबांनी कारखान्यातच भरून घेतली होती. पंधरा दिवसांत तिला असा खड्डा पडला की टेबल त्याच्या हनुवटीला लागायला लागलं.

खडीसाखरने रीतसर तक्रार लिहिली. कारखान्यातल्या सगळ्या तक्रारी विभागप्रमुखाकडे येतात, तशी तीही त्याच्याकडे आली. त्याने मिटिंगच्या खोलीत जाऊन टीव्हीचा प्लग स्वतःच्या हाताने उपटला, खड्ड्यात नीट बसला आणि स्वतःला उत्तर लिहायला घेतलं. "महोदय, आमच्या खुर्चीला आपण दिलेल्या सहवासाबद्दल आभारी आहोत."

कच्चा खर्डा या वेळी त्याने लिहिलाच नाही.